दाढी काढतो, पण आधी मास्क द्या!



गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतला एक पोरगा रात्री विहारात आला. नाशिकच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो ठेकेदाराकडे फेटलिंगला आहे. ओतलेल्या लोखंडाला चिकटलेली वाळू ग्राइंडरने काढायची, हे त्याचं काम. म्हणाला, "दादा, उद्यापासून दाढी काढून या, नाहीतर गेट बंद. दाढीमुळे मास्क बसत नाही म्हणे."

आम्ही लगेच पेटलो. 2017 साली गुजरातच्या लिंबोदरा गावात मिशा ठेवल्या म्हणून आपल्या पोरांना मारहाण झाली होती. तेव्हा देशभरातल्या तरुणांनी मिशांचे फोटो प्रोफाइलला लावले, त्यात आम्हीही होतो. आमच्या चेहऱ्यावर काय असावं हे ठरवणारे तुम्ही कोण, असं जळजळीत निवेदन त्याच रात्री लिहून टाकलं.

सकाळी ते ओळखीच्या नर्सताईंना दाखवलं. त्यांनी एन-95 मास्क हातात दिला. "घाला, दोन्ही हातांनी झाका आणि जोरात फुंका." आमची आठ दिवसांची दाढी. हवा गालाच्या कडेने सरळ बाहेर आली. "जी वाट बाहेर जायची, तीच आत यायची," ताई म्हणाल्या.

असा मास्क कातडीला घट्ट चिकटला तरच उपयोगाचा. केसाची जाडी 50 ते 100 मायक्रॉनच्या घरात असते. फुफ्फुसात खोलवर जाणारे वाळूचे कण असतात 5 मायक्रॉनहूनही बारीक. दाढीच्या खुंटांतून त्यांना मोकळा रस्ता मिळतो. ही धूळ वर्षानुवर्षे आत गेली की सिलिकोसिस होतो. तो बरा करणारं औषध नाही आणि सोबत टीबीचा धोका वाढतो. म्हणजे दाढीचा मुद्दा खरा होता, आणि आम्ही न शिकताच संघर्षाला निघालो होतो. निवेदन फाडून टाकलं.

मग त्या पोराला विचारलं, मास्क कोणता देतात? त्याने खिशातून काढला. कानात अडकवायचा, निळा, पातळ, आठवड्याला एक! हा मास्क गुळगुळीत गालावरही कडेने उघडाच राहतो. म्हणजे दाढी गेली असती, धूळ तेवढीच आत गेली असती, आणि उद्या तो आजारी पडला की "आम्ही तर नियम लावले होते" म्हणायला मालक मोकळा.

मित्रांनो, मास्क हा शेवटचा उपाय आहे. धूळ जिथे उठते तिथेच ओढून घ्या, हे 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 14 मध्येच आलं होतं. त्याच कायद्याने सिलिकोसिस हा सरकारला कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत घातला. पण एक्झॉस्टला पैसे लागतात, वस्तऱ्याला लागत नाहीत. आणि त्या धुळीत उभं कोण असतं? गेटवर जात कोणी विचारत नाही. तरी आमच्या माहितीतल्या फेटलिंगवाल्या पोरांची आडनावं वाचा आणि एसी केबिनच्या दारावरच्या पाट्या वाचा. जात ही कामाची नव्हे तर कामगारांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडलं होतं.

दुसरं निवेदन आम्ही शिकून लिहिलं. मागण्या चार. ग्राइंडरजवळ एक्झॉस्ट. प्रत्येकाच्या चेहऱ्यावर बसवून तपासलेला मास्क. वर्षातून एकदा छातीची तपासणी. आणि शीख, मुस्लिम किंवा ज्याला दाढी काढायचीच नाही अशा कामगाराला बॅटरीवर चालणारा, डोक्यावरून घालायचा सैल हूड. त्यात पंखा गाळलेली हवा सतत आत सोडतो, त्यामुळे दाढी आड येत नाही. तो महाग आहे, म्हणून मालक आधी कामगाराच्या दाढीवर येतो.

चांगले मास्क आले. एक्झॉस्ट, तपासणी आणि हूड अजून नाहीत, पाठपुरावा चालू आहे. पोराने दाढी काढली, मिशी ठेवली. मास्कच्या कडेखाली येत नसेल तर मिशीची अडचण नसते, हे आता तोच इतरांना सांगतो.

तुमच्या वस्तीतही असे पोरगे असतील. आज रात्री त्यांना एवढंच विचारा, मास्क दाखव बघू.

जयभीम!