श्वास न घेणारी पुंगी

दुरुस्तीवाल्याने वॉल्व्हचा जुना रेडिओ लावला, पण आवाजाआधी वास आला. तापलेल्या काचेवर जळणाऱ्या धुळीचा. ती दुकानाच्या पायरीवरच थबकली. वडिलांच्या शर्टाला हाच वास यायचा.

वडील रेडिओ दुरुस्त करायचे. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली पुंगी विविध भारतीवर लागली की हातातलं काम बाजूला ठेवून म्हणायचे, “हा गारुडी नाही गं, हा वॉल्व्ह गातोय.”

खरंच होतं ते. हेमंतकुमारांच्या त्या संगीतातली पुंगी म्हणजे क्लॅव्हिओलीन: फ्रान्सच्या कॉन्स्टंट मार्टिनने १९४७ मध्ये घडवलेलं, एका वेळी एकच सूर देणारं, वॉल्व्हवर चालणारं विजेचं छोटं वाद्य. वाजवणारे कल्याणजी वीरजी शाह; गिरगावातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा, पुढे आनंदजींबरोबर स्वतःच संगीतकार झालेला. वरातीत मंडळी तोंडात रुमाल धरून त्या सुरांवर लोळतात, तेव्हा तिला आजही राग येतो. ती बोटं कुणाची, एकालाही ठाऊक नसतं.

वॉल्व्ह तिकडे अमेरिकेतही गात होते: १९५६ मध्ये लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटाला सबंध इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत दिलं. लुईची सर्किटं ताण सोसेनासा झाला की जळून जात. त्यांचं कण्हणं तेवढं टेपवर उरे. वादकांच्या संघटनेशी तंटा नको म्हणून श्रेयनामावलीत त्याला ‘संगीत’ म्हटलंच नाही. ‘इलेक्ट्रॉनिक टोनॅलिटीज’ म्हटलं. जळलेल्या सर्किटांचा वास त्या जोडप्याच्या घरातही भरून राहत असेल, असं तिला वाटतं.

गारुडी गालात साठवलेली हवा पुंगीत सोडत राहतो आणि तेवढ्यात नाकाने श्वास घेतो, म्हणून त्याचा सूर तुटत नाही. क्लॅव्हिओलीनला श्वासच लागत नाही. वडिलांना सगळं अप्रूप याचं होतं, कारण त्यांना दमा होता. शेवटच्या वर्षी ‘नागिन’ची पुंगी लागली की “हा गारुडी...” एवढंच जमायचं. पुढचं वाक्य ती पुरं करायची, आणि ते मान डोलवायचे.

दुरुस्तीवाल्याने बटण बंद केलं. वॉल्व्ह एकदम विझत नाहीत. आतला आवाज बारीक होत थोडा वेळ रेंगाळतो.

“घ्यायचाय का, ताई?”

तिने हातानेच त्याला थांबायला सांगितलं. आवाज अजून येत होता.