आकाशातल्या गावचा बोळ

प्रवासवर्णन लिहायचं तर तिकीट लागतं, वळकटी लागते, आणि निदान घाटात पोटात ढवळलेलं तरी लागतं. माझ्यापाशी यातलं काहीच नाही. ज्या गावाबद्दल आज लिहायला बसलो आहे तिथं मी शेकडो वेळा जाऊन आलो, त्यातल्या निम्म्याअधिक वेळा तिथंच मेलो, आणि हे सगळं पुण्यातल्या माझ्या खोलीत, वेताच्या खुर्चीवरून न उठता.

गावाचं नाव स्पेस स्टेशन १३. तरुण वाचकांना हा संगणकावरचा खेळ आहे हे सांगायला नको. माझ्या वयाच्या मंडळींसाठी सांगतो. २००३ साली एका प्रोग्रॅमरनं एक छोटंसं खेळणं बनवलं. या खोलीतली हवा त्या खोलीत कशी जाईल, भिंतीला भोक पडलं तर ती किती वेगानं बाहेर पळेल, एवढंच त्यात पाहायचं. त्या हवेच्या हिशेबावर पुढे लोकांनी गाव वसवलं. अवकाशात तरंगणारं एक स्थानक, त्यात नॅनोट्रासन नावाच्या काल्पनिक कंपनीची माणसं, आणि प्रत्येक माणूस म्हणजे जगात कुठंतरी संगणकापुढे बसलेला खराखुरा जीव. एक कप्तान, कोणी डॉक्टर, कोणी आचारी, कोणी माळी, कोणी विदूषक. हो, विदूषक हे तिथं रीतसर नोकरीचं पद आहे. त्याला भोंगा आणि केळं मिळतं. आणि या साऱ्यांत दोनचार जण छुपे फितूर असतात. कोण, ते कोणालाच ठाऊक नसतं. त्यामुळे समोरच्यानं ‘नमस्कार’ म्हटलं तरी आपण आधी त्याच्या हातात काय आहे ते पाहतो.

दीडदोन तासांत फेरी संपते. उरलेसुरले लोक यानात बसून निघून जातात, आणि पाच मिनिटांत तेच गाव पुन्हा कोरं करकरीत उभं राहतं. मागचं वैर मागे.

मी तिथं पोचलो तो पाय मोडल्यामुळे. २०१८ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरलो आणि सहा आठवडे प्लास्टरमध्ये अडकलो. भाचा तेव्हा शिकायला आमच्याकडेच होता. तासन्‌तास खिडकीबाहेर बघणारा मामा त्याला बघवेना. त्यानं संगणक माझ्या पुढ्यात ओढला. मी पाहतो तो काय, पडद्यावर चक्क एक प्लॅन! छप्पर काढलेल्या वाड्याकडे वरून पाहावं तसं ते गाव दिसतं. फरशीचा एकेक चौकोन ३२ गुणिले ३२ ठिपक्यांचा. भिंती, दारं, पाईप, तारा, सगळं आखीव. चौतीस वर्षं मी नगररचनेच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होतो. चित्रातली माणसं मला नंतर दिसली. आधी दिसली ती रेघ.

“मामा, पहिल्यांदा झाडूवाले व्हा,” भाचा म्हणाला. “झाडूवाल्याला कोणी काही विचारत नाही.”

झालो. फडकं, बादली, आणि ‘फरशी ओली आहे’ अशी पिवळी पाटी. या पदाचं मोठेपण मला पहिल्याच दिवशी कळलं. ओल्या फरशीवरून जो चालत जातो त्याला काही होत नाही. जो धावतो तो सपशेल आडवा होतो. आणि त्या गावात चालतं कोण? सुरक्षाप्रमुख आपल्या साऱ्या लवाजम्यासह माझ्या कामगिरीवर उताणा पडला तेव्हा मला सरकारी नोकरीत कधी न लाभलेलं समाधान लाभलं. (तो उठून माझ्या मागे लागला हेही नमूद करतो. मीही धावलो. आणि माझ्याच ओल्यावर पडलो.)

आम्ही खेळत असू ते सर्व्हर लहानसं होतं. रात्री वीसपंचवीस माणसं असली तर भरलं म्हणायचं. त्यांचा नकाशा मूळ ‘बॉक्स स्टेशन’चा, पण घरात भाडेकरूंनी फेरफार करावेत तसे त्यात पुष्कळ फेरफार केलेले. झाडूवाल्याच्या कोठडीला मागं एक दार होतं. ते उघडलं की अंधारा बोळ. अशा स्थानकांत खात्याखात्यांच्या मधून दुरुस्तीसाठी हे बोळ काढलेले असतात. त्यात मोडकी कपाटं, उंदीर आणि संशयास्पद माणसं राहतात. आमचा बोळ मद्यालयाच्या पाठीमागून निघून मुदपाकखान्याच्या मागल्या दाराशी पोचे, आणि तिथून वळून कप्तानाच्या खोलीच्या भिंतीला घासून पुढे जाई. दिवे फुटलेले असत. झाडूवाल्याजवळ दिवे बदलायचं यंत्र असतं. फेरी सुरू झाली की मी आधी त्या बोळात सहा दिवे लावून येत असे. कोणी सांगितलेलं नव्हतं.

२०१९ साली भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला. फोनवर बोलणं म्हणजे “बरा आहेस ना”, “बरा आहे”, यापुढे सरकत नसे. पण दर शनिवारी रात्री तो त्या गावात आचारी होई आणि मी झाडूवाला. मागल्या दाराशी बादली ठेवून मी टकटक करायची, आणि त्यानं पाव नाहीतर रस्सा बाहेर सरकवायचा. खेळात असताना बाहेरच्या जगाबद्दल बोलू नये असा तिथं दंडक आहे, आणि तो रास्तही आहे. दोन ओळखीची माणसं संगनमत करू लागली तर फितूर शोधायचा कुणी? म्हणून आचारी झाडूवाल्याला विचारी, “गुडघा काय म्हणतोय?” झाडूवाल्याला गुडघा असायला नियमाची हरकत नव्हती. झाडूवाला आचाऱ्याला विचारी, “तुमच्याकडे थंडी फार का हो?” अवकाशात थंडी असायचीच.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. हे गाव सतत बदलत असतं. खेळाचा सगळा कोड उघडा आहे. कोणीही उठून बदल सुचवावा, इतरांनी त्यावर कडाकडा भांडावं, आणि पटलं तर तो घ्यावा. टीजी स्टेशन ही या खेळाची एक मोठी शाखा. तिथं प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात आणि नोंदीपुढे जात लिहितात: नवी भर, दुरुस्ती, आणि तिसरी ‘समतोल’. या तिसऱ्या जातीवरच लोकांची डोकी फुटतात. सुरक्षा शिपायाकडे पूर्वी विजेचं पिस्तूल असे. एक गोळी लागली की माणूस जागच्या जागी गळाठे. ते काढून फक्त दमवणारं पिस्तूल दिलं. फितूर खूश, शिपाई नाराज. इंजिनाचंही तसंच. पूर्वी वीज मिळे ती एका कृष्णविवरापासून. अदृश्य कुंपणात कोंडलेलं ते विवर. कुंपणाची वीज कोणी तोडली की ते सुटे आणि सारं गाव गिळत जाई, अगदी मद्यालयातल्या शेवटच्या स्टुलासकट. पुढे त्याच्या जागी सुपरमॅटर नावाचा तापट स्फटिक आला. त्याला हात लावणाऱ्याची राख होते आणि साधा चष्मा लावून त्याच्याकडे बघणाऱ्याला भास होतात. समतोल या शब्दाचा अर्थ तिथं नेमका काय, हे मी अनेकांना विचारलं. प्रत्येकानं दुसऱ्याच्या हातातलं काय काढून घ्यावं तेवढं सांगितलं.

२०२१ साली तर एका नव्या नकाशात गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ट्रामच आणली. रूळ ओलांडताना माणसं पटापट मरू लागली आणि पुढे तिथं सिग्नल बसवले. मुंबईकर वाचकांना यात नवल वाटू नये.

पण एका बदलानं गावाचा स्वभावच बदलला. पूर्वी तिथं मरणाला किंमत नव्हती. इस्पितळात एक यंत्र होतं. त्यात तुमची नोंद असली की पाचदहा मिनिटांत तुमचा नवा देह तयार होऊन बाहेर येई. त्यामुळे रस्त्यात प्रेत दिसलं तर लोक ओलांडून जात. टीजीवाल्यांनी हे यंत्रच काढून टाकलं, आणि आमच्या सर्व्हरनंही त्यांचं पाहून काढलं. केवढा आरडाओरडा झाला! मीही त्यात होतो. आता मेलेला माणूस उठायचा तर कोणीतरी त्याचा देह शोधायचा, इस्पितळात न्यायचा, आणि तोही सडायच्या आत.

त्यानंतरच्याच एका शनिवारी बोळात एका फितुरानं माझा गळा दाबला. त्याला मी पाहिलं होतं एवढाच माझा गुन्हा. मेल्यावर तिथं तुम्ही भूत होऊन सगळं पाहू शकता, बोलता मात्र येत नाही. मी माझ्याच देहाशेजारी उभा. आचारी त्या दिवशी जागेवर नव्हता. एक शास्त्रज्ञ आला, माझ्या खिशातली दिव्यांची पेटी घेऊन गेला. मग आला विदूषक. त्यानं माझ्याकडे पाहिलं, एकदा भोंगा वाजवला, आणि मला पायाला धरून ओढायला लागला. बोळातून, मुख्य रस्त्यानं, गर्दीतून. दर वळणावर भोंगा. वाटेत मी सकाळी पुसून ठेवलेल्या फरशीवर दोनदा पडला, दोनदा उठला. डॉक्टरनं छातीवर विजेच्या पट्ट्या टेकवल्या आणि मी डोळे उघडले, तोवर विदूषक निघून गेला होता. कोपऱ्यापासून इस्पितळापर्यंत माझ्याच रक्ताचा पट्टा उमटला होता. तो मीच पुसला. दुसरा झाडूवाला होता कुठं?

यंत्र काढलं ते बरं झालं, असं मी भाच्याला त्या रात्री कळवलं.

२०२२ साली त्याच भाच्याकडे आमच्या सर्व्हरच्या नकाशाचं काम आलं. एका शनिवारी मी कोठडीचं मागलं दार उघडायला गेलो तर दारच नाही. सलग भिंत. मला वाटलं, माझाच काहीतरी घोटाळा. नोंद काढून वाचली. लिहिलं होतं: झाडूवाल्याच्या कोठडीमागचा बोळ बंद; मुदपाकखान्याचं मागलं दार बंद; जात, समतोल. खाली नाव भाच्याचं.

मी फोन केला. तो म्हणाला, “मामा, गेल्या महिन्यात कप्तान चारदा त्याच बोळातून मारला गेला. भिंतीला भोक पाडायचं आणि थेट खोलीत. फेरी सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तो संपते. बाकीच्या वीस माणसांनी काय करायचं?”

“मग भिंत कप्तानाची जाड कर. बोळ कशाला घालवतोस?”

“केली. तरी पाडतात.”

“निदान दार ठेव. कुलूप घाल.”

“तारा जुळवून कुठलंही दार उघडता येतं हो. तुम्हीच शिकलात की माझ्याकडून.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानं आखलेलं मी बारकाईनं पाहिलं होतं आणि ड्राफ्ट्समन म्हणून मला त्यात खोट सापडली नव्हती. तरी मी म्हणालो, “रेघ जरा सरकव ना.”

म्हटलं आणि माझी जीभ अडखळली. हे वाक्य माझं नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी, एका तालुक्याच्या गावच्या आराखड्यात मी रस्तारुंदीची रेघ मारली होती. ती एका शिंप्याच्या ओट्यावरून जात होती. तो टोपी हातात घेऊन माझ्या टेबलाशी आला होता. “साहेब, रेघ जरा सरकवा. चार फूट.” मी त्याला नकाशा उलटा करून दाखवला होता, पलीकडे दवाखाना होता. ते खरंच होतं. त्यानं नकाशाकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहत राहिला. पुढे रस्ता झाला. शिंपी कुठं गेला ते मी कधी विचारलं नाही.

“मामा, ऐकताय ना?”

“ऐकतोय. ठीक केलंस.”

त्यानंतर दोनअडीच महिने मी गावात गेलो नाही. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. शनिवार रात्री रिकाम्या जाऊ लागल्या आणि आमचं फोनवरचं बोलणं पुन्हा “बरा आहेस ना” वर आलं.

त्या दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकून मी उटण्याच्या वासात ओसरीवर बसलो होतो. पाच वाजले असतील. म्हणजे भाच्याकडे रात्रीचा दीड. त्याचा निरोप आला: “मामा, संगणक लावा. पत्ता पाठवतोय.”

पत्ता आमच्या सर्व्हरचा नव्हता. त्यानं आपल्या घरच्याच संगणकावर जुना नकाशा चढवला होता. या मंडळींचं एक चांगलं आहे; बदललेलं सगळं आधी कसं होतं त्याची प्रत राहते. शिंप्याच्या ओट्याची कुठं आहे?

गावात आम्ही दोघंच. कप्तान नाही, विदूषक नाही, फितूर नाही. इतका मोकळा रस्ता मी तिथं कधी पाहिला नव्हता. कोठडी उघडली. मागलं दार होतं. बोळात दिवे फुटलेले, तेच उंदीर, तेच मोडकं कपाट. मी सहा दिवे लावले, सवयीनं फरशी पुसली, आणि बादली ठेवून मागल्या दारावर टकटक केली.

दार उघडलं. आचाऱ्यानं पाव बाहेर सरकवला. “गुडघा काय म्हणतोय?”

आज दंडक नव्हता, पाहणारं कोणी नव्हतं. तरी मी झाडूवाल्यासारखाच बोललो, मग तोही. त्याची नोकरी जाणार होती, चार महिन्यांपासून टांगती होती, आणि बहिणीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. ते सगळं त्यानं आचाऱ्याच्या तोंडून सांगितलं. इकडे बाहेर पहिले फटाके वाजू लागले. बायकोनं फराळाला दोनदा हाक मारली.

अर्धापाऊण तास झाला असेल. बोळाच्या टोकाचा एक दिवा गेला. मी यंत्र घेऊन बदलायला निघालो तर त्याच्या शेजारचा गेला. मग मद्यालय काळोखात बुडालं, मग मुख्य रस्ता.

“अरे, हे काय?”

“मामा,” तो म्हणाला, “इंजिन चालू करायचं राहिलं. वीज साठ्यातली होती.”

“मग कर की चालू.”

“मला कुठं येतंय? तुम्हाला?”

इतक्या वर्षांत आम्ही दोघंही कधी इंजिनघरात गेलेलो नव्हतो. मी बादली उचलली आणि तो दार लोटून बाहेर आला. मुदपाकखाना मागं अंधारात होताच. विजेरी माझ्याकडे एकच होती. ती पुढे धरून आम्ही इंजिनघर शोधायला निघालो.