चकाकीचा त्याग

विमानाचा विषय निघाला की आपण पंखांविषयी बोलतो, इंजिनाविषयी बोलतो, फार तर वैमानिकाच्या धाडसाविषयी बोलतो. परंतु सतत वैमानिकाच्या डोळ्यांपुढे असूनही त्याचे लक्ष कधी वेधून घेऊ नये, असा एक भाग कॉकपिटमध्ये असतो. त्याला ‘ग्लेअरशील्ड’ म्हणतात. उपकरणांच्या तबकड्यांवर घराच्या वळचणीसारखी पुढे आलेली ती एक आडवी फळी. वरचे ऊन ती तबकड्यांवर पडू देत नाही; आणि स्वतः काळी, निस्तेज असल्यामुळे समोरच्या काचेत आपले प्रतिबिंबही उमटू देत नाही. तिच्यावर नुसता एक पांढरा नकाशा ठेवला, तरी काचेत त्याची पांढुरकी छाया उभी राहते आणि समोरून येणारे दुसरे विमान त्या छायेत हरवू शकते.

हे ज्ञान मला अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात झाले. २०१८ च्या उन्हाळ्यात मिशनकार्याकरिता आवाहन करण्यासाठी मी तेथील एका धर्मग्रामात काही आठवडे होतो. याच राज्यात १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी ‘एक्स्परिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ ही संघटना स्थापन केली. तिचा उन्हाळी मेळावा १९७० पासून ऑशकॉश येथे भरत आला आहे. त्यामुळे घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधणारा माणूस तेथे वेडा ठरत नाही. मात्र विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा आनंदासाठी स्वतः घडविलेला असावा, असा तेथील नियम आहे. शिवाय, हे विमान हौशी हातांनी बांधलेले असून ते नेहमीच्या विमानांचे सुरक्षानियम पाळून बनविलेले नाही, असा इशारा बसणाऱ्याला दिसेल अशा जागी लावावा लागतो.

त्या धर्मग्रामातील एक निवृत्त गृहस्थ सात वर्षे असे विमान बांधीत होते. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर रिव्हेट बसविताना एका माणसाने हवेच्या दाबावर चालणारी ‘गन’ चालवायची आणि दुसऱ्याने पलीकडून लोखंडी ठोकळा घट्ट दाबून धरायचा, अशी रीत असते. पलीकडचे ते हात त्यांच्या पत्नीचे होते. हजारो रिव्हेट दोघांनी मिळून बसविले. त्याआधीच्या हिवाळ्यात ती देवाघरी गेली. काम मागे पडले ते कित्येक महिने.

ते पुन्हा सुरू झाले तेव्हा ग्लेअरशील्डची पाळी होती. हे काम पुढची काच बसविण्यापूर्वीच उरकावे लागते, कारण एकदा काच बसली की त्या अरुंद कोपऱ्यात हात नीट पोहोचत नाही. वर लावायचे काळे कापड आणले होते. ते बिनचकाकीचे आणि सहज पेट न घेणारे होते. होकायंत्र बिघडू नये म्हणून त्याच्याजवळ पितळी स्क्रू होते. आणि त्या काळ्या कापडावर, आपल्या नजरेसमोर, पत्नीचे नाव सोनेरी धाग्याने भरून घ्यावे अशी त्या गृहस्थांची इच्छा होती.

त्यांना उड्डाण शिकविणारे वृद्ध वैमानिक तेथे बसले होते. ते शांतपणे म्हणाले, “संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून उतरशील, तेव्हा तुला काचेत तिचे नाव दिसेल. धावपट्टी दिसेलच असे नाही.”

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्या गृहस्थांनी फेल्टपेन घेतले. पेन्सिलीतील ग्राफाइटमुळे अॅल्युमिनियम गंजते, म्हणून तेथे पेन्सिल वापरीत नाहीत. उघड्या पत्र्यावर त्यांनी सावकाश ते नाव लिहिले. नंतर पत्र्याला आणि कापडाला गोंद लावला, तो किंचित सुकू दिला आणि मला म्हणाले, “फादर, एवढे टोक उचलून धरा. एकदा चिकटले की सरकवता येत नाही.” मध्यापासून कडेकडे तळहाताने दाबीत, हवेचा एकही फुगा न ठेवता, त्यांनी ते नाव झाकून टाकले.

मला आमच्या वेदीची आठवण झाली. अनेक वेद्यांखाली संतांचे पवित्र अवशेष ठेवलेले असतात. भाविकांना ते दिसत नाहीत. परंतु मिस्साच्या आरंभी धर्मगुरू त्या वेदीचे चुंबन घेतो. प्रेमाची वस्तू नजरेसमोर टांगलेली असलीच पाहिजे असे नाही. ती पायाशी असली, तर तिच्यावर उभे राहून पुढे पाहता येते. ती डोळ्यांपुढे आली, तर हळूहळू तीच आपला रस्ता झाकू लागते. दुःखाचेही तसेच आहे. धर्मग्रामात कितीतरी घरी मी ते पाहिले आहे. गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर असतो, आणि घरातल्या जिवंत मुलांकडे मात्र वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष नसते.

आम्हा धर्मगुरूंनाही ती काळी फळी काही सांगते. प्रवचन फार चमकदार झाले की लोक प्रवचनाचे कौतुक करीत घरी जातात. ज्याच्याविषयी ते होते, तो प्रभू मागे राहतो. योहान बाप्तिस्ता यार्देन नदीकाठी उभा राहिला, बोटाने येशूकडे दाखविले आणि आपल्या शिष्यांना त्याच्या मागे जाऊ दिले. प्रकाशाच्या वाटेवर उभे राहूनही आपली चकाकी पडू न देणे, हे त्याचे मोठेपण होते.

पुढच्या वर्षी त्या गृहस्थांचे पत्र आले. चाचणीची उड्डाणे पार पडली होती. त्यांनी लिहिले होते की, एका संध्याकाळी सूर्य अगदी समोर होता, तरी काचेत काहीही दिसले नाही. फक्त धावपट्टी दिसली. त्या ‘काहीही’मध्ये कोण होते, हे त्यांना ठाऊक होते.