डोकं कोण चेपणार?

उर्दूत 'सरदर्द' म्हणा नाहीतर मराठीत 'डोकेदुखी', दोन्ही शब्दांना दोन-दोन अर्थ आहेत. एक खरंखुरं दुखणं आणि दुसरा मागे लागलेला त्रास. दोन्ही भाषा शिकवताना मला वाटतं, लोकांनी हे अर्थ उगाच एकत्र ठेवलेले नाहीत.

सगळ्यात जास्त आढळते ती ताणाची डोकेदुखी. कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं. दुखतं डोकं, पण आखडलेले असतात मान आणि खांदे. तासन्‌तास मान खाली घातली की कवटीच्या तळाशी असलेले लहान स्नायू ताठरतात आणि कळ वर कपाळापर्यंत जाते. मराठीचे पेपर डावीकडून उजवीकडे तपासायचे आणि उर्दूचे उजवीकडून डावीकडे. मान मात्र दोन्ही वेळा खालीच!

आमच्या मेढ्याच्या आसपास, जावळीच्या डोंगरातल्या बायकांनी पाण्याचे हंडे, सरपणाच्या मोळ्या, गवताचे भारे डोक्यावरच वाहिले. इथले कितीतरी पुरुष मुंबईला जाऊन माथाडी झाले. त्या शब्दातच 'माथा' आहे. १९६९ च्या माथाडी कायद्याने त्यांच्या मजुरीला संरक्षण दिलं, पण ओझं उचलणारी मान तीच राहिली. म्हणूनच सुट्टीला गावी आलेला माणूस चहा झाला की म्हणतो, "जरा खांदे रगड रे."

या रगडण्याला मोठा इतिहास आहे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद पुढे इंग्लंडला गेले. ब्रायटनच्या समुद्रकाठी त्यांनी वाफेचं स्नान आणि मालिश सुरू केलं आणि ते इतकं गाजलं की राजा चौथा जॉर्जही त्यांच्याकडून मालिश करून घेऊ लागला. इंग्रजीतला 'शाम्पू' हा शब्द आपल्या 'चांपो'वरून, म्हणजे 'दाबा'वरून गेलेला. आज आपण तो बाटलीत भरून परत विकत घेतो! पुढे १९५७ च्या 'प्यासा'त जॉनी वॉकर यांनी, म्हणजे बदरुद्दीन काझींनी, तेलमालिशवाल्याला घराघरात पोचवलं.

घरी करायचं असेल तर थेट टाळूवर थापट्या मारू नका. आधी खांद्यांपासून सुरुवात करा. मानेलगतचा जाड स्नायू चिमटीत धरून हळूहळू दाबा. मग मानेच्या वर, कवटीखालच्या दोन खळग्यांत अंगठे ठेवून वीस-तीस सेकंद स्थिर दाब द्या. शेवटी कानशिलं, जबडा आणि टाळू. दहा मिनिटं पुरतात. तेल खोबरेल असो की बदामाचं, त्याचं काम हात सहज फिरावा एवढंच. दुखणं उतरतं ते दाबाने आणि सैल पडलेल्या अंगाने.

काही गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात. सलूनमध्ये चंपीनंतर मान कडकन मोडून देतात, ते करून घेऊ नका. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून पक्षाघात होऊ शकतो. अर्धशिशीत मळमळतं, उजेड सोसत नाही, काहींना तर कंगवाही लागतो. तेव्हा जबरदस्तीने चोळू नये. अचानक कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हातपाय लुळे पडले, तापासोबत मान ताठ झाली, डोक्याला मार लागला किंवा पन्नाशीनंतर नवंच दुखणं सुरू झालं, तर तेलाची बाटली ठेवून द्या आणि दवाखाना गाठा. महिन्यातले निम्मे दिवस गोळ्या घेणाऱ्यांना पुढे त्या गोळ्यांनीच डोकेदुखी जडते, हेही डॉक्टरांना विचारून घ्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमच्या अम्मीने दादाजींचं डोकं चेपलं, अब्बांचं चेपलं, परीक्षा आली की आम्हा भावंडांचं चेपलं. तिचं स्वतःचं दुखायचं तेव्हा ती रुमाल करकचून बांधायची आणि भाकऱ्या थापायला बसायची. तिचं डोकं चेपायचं कुणाच्या मनातही येत नसे, कारण चेपणारी तीच होती. हे आमच्याच घरात होतं असं नाही. मोहल्ल्यातल्या आणि आळीतल्या कुठल्याही घरात विचारा.

म्हणून माझ्या नववीतल्या मुलाला मी उर्दूचे हर्फ शिकवले तसा हा हातही शिकवला आहे. पहिल्या दिवशी तो लाजला. आता आजीच्या मागे उभा राहून खांद्यांपासून सुरुवात करतो. अम्मी अजूनही दोन मिनिटांतच "बस, बेटा, तेरे हात दुखेंगे" म्हणते. दहा मिनिटं होईपर्यंत थांबायचं नाही, असं मी त्याला बजावून ठेवलं आहे.

तुमच्या घरात सगळ्यांचं डोकं कोण चेपतं? आज रात्री भांडी झाली की तिला बसवा. आणि उद्या ती भांडी दुसऱ्या कुणीतरी घासा. मालिशीने दुखणं उतरतं, पण ओझं वाटून घेतल्याशिवाय ते परत यायचं थांबत नाही.