आतलं सील

गाडीखाली तेलाचा डाग पडला की मालकाचं बोट डागाच्या बरोबर वर जातं. "इथनं गळतंय बघा, तेवढं सील बदलून द्या." बऱ्याचदा ते बोट खरंही ठरतं. पण विलीजच्या घराण्यातल्या जुन्या जीपांच्या बाबतीत माझा त्या बोटावर फारसा विश्वास नाही. कोल्हापुरात गॅरेज असल्यामुळे गगनबावडा, राधानगरी, आंबोली या बाजूंना घाट चढून-उतरून थकलेल्या जीपा आमच्याकडे येत राहतात. त्यातल्या कित्येकींचं मागचं सील आधी कुणीतरी एकदा बदललेलं असतं, कधी दोनदा. तरी डाग तिथेच.

ज्यांनी जीपच्या खाली कधी डोकावलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटून ओतीव लोखंडाचा एक जड डबा असतो, तो ट्रान्सफर केस. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून त्यात येते आणि तिथून दोन वाटांनी जाते. मागच्या चाकांकडे ती नेहमीच जाते, पुढच्या चाकांकडे मात्र आपण दांडा टाकला तरच. शिवाय त्यात एक 'लो'ची जोडी असते. ती लावली की वेग अडीच पटीने घटतो आणि चाकावरचा जोर तितकाच वाढतो. नेमका आकडा सांगायचा तर २.४६. पुढची चाकं जोडल्याशिवाय लो पडू नये म्हणून दोन दांड्यांच्या मध्ये अडसराची एक छोटी गोळीही ठेवलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला हा डबा होता, ज्याला स्पायसर १८ म्हणतात, आणि तोच, 'लो'चं गुणोत्तर बदलून, पुढे सीजे ३ बीलाही आला. अमेरिकेत सीजे ३ बी १९५३ ते १९६८ एवढीच वर्षं निघाली. आपल्याकडे तिचाच उंच बॉनेटचा साचा महिंद्राने पुढे कितीतरी वर्षं चालवला, म्हणून आजही माझ्यासारख्यांचं पोट त्या डब्यावर भरतं.

या डब्यातून बाहेर पडणारा प्रत्येक शाफ्ट म्हणजे तेलाला पळून जायची एक वाट. ती अडवायला सील असतं: पत्र्याचं कडं, त्यात रबराची पातळ ओठासारखी कड आणि त्या कडेला आवळून धरणारी, धाग्यासारखी बारीक गोल स्प्रिंग. पूर्वी ही कड चामड्याची असायची आणि बसवण्याआधी तेलात मुरवून घ्यावी लागायची. आता बहुतेक ठिकाणी नायट्राइल रबर आहे. कड शाफ्टवर कोरडी घासत नाही. मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि कड त्यावर तरंगते. हा थर तुटला तर रबर जळतं, जाड झाला तर तेल बाहेर येतं. ६.००-१६ चे टायर आणि ५.३८ चा क्राऊन-पिनियन असलेली जीप ताशी साठने पळते तेव्हा मागचा शाफ्ट मिनिटाला सुमारे २४०० फेरे मारतो. तेवढ्या फेऱ्यांत ती कड आपलं काम करत राहते याचंच मला अजून नवल वाटतं.

मागच्या सीलचा आणखी एक जाच आहे. या जीपांचा हँडब्रेक चाकांत नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडावरच ड्रम बसवलेला असतो. सील गळलं की तेल थेट ड्रमात जातं, लायनर भिजतात आणि घाटात उभी केलेली गाडी हळूच मागे सरकते. मग मालक हँडब्रेकची तक्रार घेऊन येतो आणि तेलाचं नावही काढत नाही. लायनर पेट्रोलने धुऊन, कागदाने घासून परत बसवणारे कारागीर मी पाहिलेत. एकदा तेल प्यायलेला लायनर तापला की ते तेल परत पृष्ठभागावर येतं. तो फेकायचाच.

असं मागचं सील बदलायला ट्रान्सफर केस उतरवावा लागत नाही. प्रोपेलर सोडायचा, ड्रम काढायचा, फ्लँज ओढायची, की सील समोर येतं. काढायला अवघड सील वेगळंच असतं, आणि ते बाहेरून दिसतही नाही. गिअरबॉक्सचा मेनशाफ्ट मागे वाढून थेट ट्रान्सफर केसमध्ये शिरतो आणि तिथला पहिला गिअर त्याच्याच टोकावर बसतो. तो शाफ्ट जिथून आरपार जातो तिथे, गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगपाशी, हे सील असतं. दोन डब्यांमधली तेलाची हद्द तेवढीच. ते हरलं की गिअरबॉक्समधलं तेल ट्रान्सफर केसमध्ये उतरायला लागतं. इंजिन आणि गिअरबॉक्सची बसवणूक मुळातच मागे कलती, त्यात घाटाचा चढ, मग तेलाला आणखी काय हवं?

यात पहिले काही महिने जमिनीवर एक थेंब पडत नाही. तेल एका डब्यातून दुसऱ्यात जात असतं, इतकंच. ट्रान्सफर केसमध्ये दीड लिटरच्या आसपास तेल मावतं. त्यापेक्षा वर गेलं की ते बाहेरच्या सीलांवर दाब देतं आणि सर्वांत थकलेल्या जागेतून, बहुतेक मागूनच, बाहेर येतं. मालकाचं बोट तिथे जातं. मेकॅनिक ते सील बदलतो, बिल होतं आणि महिन्याभरात डाग पुन्हा हजर. तोवर गिअरबॉक्स मात्र कोरडा पडत चाललेला असतो. आवाज करायला लागतो, तापतो आणि शेवटी बेअरिंग खातो. नुकसान तिथे होतं आणि पैसे मात्र दुसरीकडे खर्च होत राहतात.

ओळखायला यंत्र लागत नाही. दोन्ही डब्यांना लेव्हलचा प्लग असतो. गाडी सपाटीवर आणि थंड असताना दोन्ही उघडायचे. तेल प्लगच्या भोकाच्या खालच्या काठाला लागून हवं. मागे एक गृहस्थ राधानगरीकडून जीप घेऊन आले. मागचं सील दुसरीकडे बदलून घेतलेलं होतं आणि तरी गळत होतं. मी ट्रान्सफर केसचा प्लग सैल केला, तसं करंगळीएवढ्या धारेने तेल मनगटावर आलं. गिअरबॉक्सच्या भोकात बोट घातलं तर ते पेरापर्यंत कोरडं.

"तेल कुणी जास्त भरलं काय?" त्यांनी विचारलं.

"कुणी भरलं नाही अण्णा. गिअरबॉक्सनं भरलं."

इथून पुढे खरी उतरवाउतरवी. दोन्ही तेलं काढायची. सीटमधल्या जमिनीचा पत्रा उघडायचा. मागचा-पुढचा प्रोपेलर, स्पीडोमीटरची केबल, हँडब्रेकची तार, दोन दांडे, क्रॉसमेंबरला बांधलेला रबरी ठोकळा, हे सगळं सोडवायचं. यात वेळ जातो, अक्कल फारशी लागत नाही. गंजलेले बोल्ट तेवढे शिव्या खातात. मग ट्रान्सफर केसच्या पाठीवरचं झाकण काढायचं. हे झाकण खरं तर शेतीसाठी ठेवलेलं आहे. युद्ध संपल्यावर विलीजने १९४५ मध्ये नागरी जीप काढली ती शेतकऱ्यांपुढे ठेवूनच. या तोंडाला जोड लावून मळणीयंत्र, पंप, करवत चालवता यावी ही त्यामागची कल्पना. आपल्याकडे तो जोड बसवलेली जीप क्वचितच दिसते, पण मेकॅनिकला त्या भोकाने उपकार केलेत. झाकण काढलं की मेनशाफ्टचं टोक, त्यावरचा कॅसल नट आणि स्प्लिट पिन समोर येतात.

नट फिरवताना शाफ्टही फिरतो. म्हणून गिअरबॉक्सचं वरचं झाकण काढून हाताने दोन गिअर एकदम टाकायचे, शाफ्ट अडकून बसतो. झाकण काढायचं दुसरं कारण याहून महत्त्वाचं. ट्रान्सफर केस मागे ओढला की मेनशाफ्टही त्याच्याबरोबर यायला बघतो. तो थोडा जरी मागे आला तरी त्याच्या पुढच्या टोकावरचे सुटे रोलर गिअरबॉक्सच्या तळात सांडतात, आणि मग दोन तासांचं काम दोन दिवसांचं होतं. यावर कंपनीच्या जुन्या पुस्तकातच उपाय दिलाय. दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे शाफ्टभोवती तारेचा फास टाकायचा आणि दोन्ही टोकं झाकणाच्या पुढच्या दोन स्क्रूंना पिळून ताणायची. बांधकामाची जाड तार चालते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पाना धरायच्या आधी ही तार बांधायला शिकवतो, कारण हे एकच काम असं आहे की ते विसरल्याचं वाईट गोष्ट घडून गेल्यावरच कळतं.

पाच बोल्ट सुटले की डब्याखाली जॅक घ्यायचा. छातीवर झेलायचा बाणा दाखवू नये, ओतीव लोखंड आहे ते. मग शाफ्टच्या टोकावर पितळी दांड्याने हलके ठोके. लोखंडी हातोडीने शाफ्टचे आटे चेपतात आणि नट परत जात नाही. डबा सुटून मागे आला की सील दिसतं. एवढ्या खटाटोपानंतर हातात येणारी ती काळी चकती बघून मालकांचा चेहरा हमखास उतरतो. "एवढ्यासाठी?"

एवढ्यासाठीच. पण नवीन सील लगेच ठोकत नाही. ज्या जागेवर कड फिरत होती तिथे नख फिरवतो. नख अडकलं तर तिथे खाच पडलेली असते. मऊ रबराने पोलादाला खाच कशी पडते, असं इंजिनिअरिंगची पोरंसुद्धा विचारतात. विहिरीच्या काठावरच्या दगडाला सोलाची खाच पडते, तसंच हे. फरक इतकाच की इथे धूळ आणि लोखंडाचा कीस कडेत रुतून बसतो आणि रबर त्याला त्याच जागी दाबून धरतं, म्हणजे वर्षानुवर्षं पॉलिशपेपर एका जागी फिरवल्यासारखं होतं. अशा खाचेवर नवीन सील लावलं की ते पहिल्या पावसाळ्यापर्यंतच टिकतं. खाच उथळ असेल आणि जागा असेल तर सील दोन मिलिमीटर पुढे किंवा मागे बसवून कडेला ताजा पृष्ठभाग मिळतो. खोल असेल तर तो भाग शिवाजी उद्यमनगरात लेथवर नेऊन पातळ स्लीव्ह चढवून घ्यायची. उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असणं ही आम्हा कोल्हापूरकरांची चैन आहे. इतर गावांत नवीन भागाची वाट बघत गाडी आठवडाभर ठोकळ्यांवर उभी राहते.

बसवताना ज्या बाजूचं तेल अडवायचं त्या बाजूला स्प्रिंग, कडेला आधी बोटाने तेल, आणि सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा पाइपचा तुकडा घेऊन सगळीकडून सारखं ठोकायचं. वाकडं गेलेलं सील सरळ करू नये, दुसरं आणावं. शाफ्टच्या धारदार आट्यांवरून कड जाताना फाटू नये म्हणून पातळ प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळली की काम भागतं.

डबा खाली असताना आणखी दोन गोष्टी बघतो, न सांगता. मागच्या शाफ्टचं ढिलेपण इंचाचे चार ते आठ हजारांश असावं लागतं. ते शिमांनी जुळवतात. शाफ्ट डुलत असेल तर जगातलं कुठलंही सील टिकणार नाही. आणि ब्रीदर, म्हणजे डब्यातली हवा आत-बाहेर जायची वाट. तेल तापतं तशी डब्यातली हवा फुगते. ३० अंशांवरून ८० अंशांवर गेली की बंद डब्यातला दाब १६ टक्क्यांनी वाढतो. चिखलाने ब्रीदर बुजला की तो दाब सीलवरच येतो. ओढ्यात घातलेल्या गाडीचं याच्या उलट होतं. तापलेला डबा गार पाण्यात एकदम थंडावतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेतून पाणी आत ओढलं जातं. दूधसागरच्या वाटेसारखे ओढे ओलांडणाऱ्या गाड्यांचं तेल म्हणूनच ताकासारखं पांढरट निघतं. अशा गाडीचं तेल किलोमीटर मोजून बदलायचं नसतं, रंग बघून बदलायचं.

काम झाल्यावर दोन्ही डब्यांत ९० नंबरचं तेल प्लगपर्यंत भरून गाडी देतो आणि पाचशे किलोमीटरनंतर दोन्ही प्लग उघडून दाखवायला बोलावतो. थोडे येतात. बाकीच्यांना डाग नाही म्हणजे काम झालं असं वाटतं.

या दिवाळीत कुणी जुनी जीप घ्यायला निघालं असेल तर रंग, टप आणि भोंगा नंतर बघा. गाडी रात्रभर सपाटीवर उभी राहू द्या आणि सकाळी सुरू करायच्या आधी दोन्ही प्लग उघडायला लावा. गिअरबॉक्स रिकामा आणि ट्रान्सफर केस तुडुंब असेल तर ट्रान्सफर केस उतरवण्याची मजुरी, बेअरिंगचा संच आणि नवे ब्रेक लायनर किमतीतून वजा करा. विकणाऱ्याने प्लग उघडायलाच नकार दिला, तर न उघडताच वजा करा.