दुसरा आठवडा

आमच्या घरात आता महिना पंधरवड्यांनी मोजतात. पहिला आठवडा औषधाचा, दुसरा आमचा. माझ्या बायकोच्या मोठ्या आतड्यातला कॅन्सर यकृतात पोचलेला आहे. आतड्याकडून निघालेलं रक्त आधी यकृतातून जातं, म्हणून तिथून सुटलेल्या पेशी बहुतेक वेळा पहिला मुक्काम तिथेच करतात. डॉक्टरांनी सुरुवातीलाच आडपडदा न ठेवता सांगितलं, की हा आजार समूळ जाईल असं आज म्हणता येत नाही, पण आवरून धरता येईल. औषध लागू पडतंय आणि अंगाला सोसतंय तोवर ते चालू राहील. केमो कधी संपणार, या प्रश्नाला आमच्याकडे तारीख नाही, आणि येणारा प्रत्येक फोन आधी तेच विचारतो.

कराडहून रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची आणि परळला टाटा हॉस्पिटल गाठायचं. उपचाराला निघालेल्या कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वे स्लीपर आणि थ्री-टायर एसीचं पूर्ण भाडं माफ करते, सोबतच्या माणसाला पाऊण. तरीही आम्ही एसीचं तिकीट काढत नाही. ऑक्सॅलीप्लॅटिन हे केमोचं औषध घेतलेल्या माणसाला गारवा वैऱ्यासारखा भेटतो. गार पाण्याचा घोट घेतला की घसा आवळून येतो, फ्रिजमधली कोथिंबिरीची जुडी हातात घेतली की बोटांना झिणझिण्या येतात. थंडीच्या दिवसांत पहाटे स्टीलच्या तांब्यालासुद्धा हात लावता येत नाही. म्हणून स्लीपरची खिडकी बंद, कानाला मफलर, थर्मासमध्ये कोमट पाणी.

दवाखान्यातली सलाईन काही तासांत संपते. मग छातीत बसवलेल्या पोर्टला एक बाटली जोडून देतात आणि ती पिशवीत घालून गळ्यात अडकवतात. बाटलीच्या आत औषधाने भरलेला फुगा असतो. त्याला वीज लागत नाही, तो आवाजही करत नाही. 46 तास तो आपल्याच ताणाने आक्रसत राहतो आणि थेंब थेंब औषध रक्तात जातं. ते दोन दिवस आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत काढतो. बिहार, बंगाल, आसामकडून आलेली माणसं तिथे भेटतात. एकमेकांची भाषा येत नाही, पण गळ्यातली पिशवी दिसली की 'कितवी?' हा प्रश्न बोटांनीच विचारला जातो आणि उत्तरही बोटांनीच मिळतं.

रात्री बाटली आम्हा दोघांच्या मध्ये असते. कूस बदलताना नळी ओढली जाईल या धास्तीने झोप लागत नाही. मी जन्मभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून ती म्हणते, "यात काय काय आहे ते सांगा बघू." मग मी सांगतो. फ्लुरोयुरॅसिल 1957 साली अमेरिकेत हायडेलबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगापुढे आणलं. पेशीच्या ओळखीचं युरॅसिल घ्यायचं आणि त्यातल्या एका हायड्रोजनच्या जागी फ्लोरिन बसवायचा. पेशी त्याला आपलं समजून आत घेते आणि मग तिला नवा डीएनए नीट बांधता येत नाही. आधी सलाईनमधून गेलेलं ऑक्सॅलीप्लॅटिन जपानमध्ये नागोयाला तयार झालं, 1976 साली, आणि त्यात खरोखरीचं प्लॅटिनम असतं. हे ऐकून ती हसली. "लग्नात सोन्यावर भागवलंत. प्लॅटिनम आता घालताय होय!" त्या दूरदेशीच्या माणसांनी आपापल्या प्रयोगशाळेत बसून माझ्या बायकोचं हसणं इतक्या वर्षांनी माझ्या कानापर्यंत पोचवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

पहिल्या आठवड्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या स्टिरॉइडचा जोर ओसरला की ती गळून जाते. तोंड येतं, चव जाते, मऊ भात दोन घास जातो, तेवढाच. मी वहीत लिहीत असतो: ताप, जुलाब, पाणी किती प्यायली. ताप 100.4च्या वर गेला तर रात्र असो की दिवस, थेट दवाखाना. केमोवरच्या माणसाला साधा दिसणारा तापही जिवावर बेतू शकतो. अशीच वही लिहीत होतो तेव्हा ती पडल्या पडल्या म्हणाली, "अहो, पुढच्या आठवड्यात ती वही कपाटात ठेवा. मला तुमची बायको होऊ दे."

तेव्हापासून हा घराचा नियम झाला. थर्मामीटर हाताशी असतो, पण दुसऱ्या आठवड्यात आजाराचं नाव कोणी काढत नाही. भाजीत मीठ जास्त झालं तर ती मला बोलते. वीजबिल, शेजारच्या मुलीचं लग्न, गळका नळ, सगळ्यावर आमचं भांडण होतं. संध्याकाळी प्रीतिसंगमावर जातो. कृष्णा आणि कोयना तिथे समोरासमोर येऊन मिळतात. तिथली भेळ तिची आवडती, पण नेमक्या याच आठवड्यात पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, बाहेरचं खाऊन चालत नाही. म्हणून चुरमुरे, फरसाण, उकडलेला बटाटा, घरची चिंचेची चटणी, सगळं डब्यांतून नेतो आणि तिथेच कालवतो. भेळ ती कालवते. बोटांच्या टोकांना आता फारसं कळत नाही, म्हणून तिखट किती पडलं ते ती डोळ्यांनी बघते.

बोटांचा बधिरपणा वाढत गेला तेव्हा डॉक्टरांनी ऑक्सॅलीप्लॅटिन थांबवलं आणि बाकीचं चालू ठेवलं. औषध थांबल्यावरही काही महिने हा बधिरपणा वाढू शकतो. ब्लाउजचे हूक तिला लागत नाहीत, ते मी लावतो. सुरुवातीला ती आरशाकडे न बघता उभी राहायची. आता मधूनच म्हणते, "खालचा राहिला." हूक लावून झाले की मी तिचा पदर खांद्यावर नीट करतो, आणि आम्ही बाहेर पडतो. एवढ्या वर्षांच्या संसारात मी तिच्या इतका जवळ कधी उभा राहिलो नव्हतो.

स्कॅनच्या आधीचे दिवस मात्र कुठल्याच आठवड्यात धरता येत नाहीत. कॅन्सरचा माग सांगणारा रक्तातला सीईए वाढला की उतरला, यकृतावरचे डाग होते तेवढेच आहेत की मोठे झाले, हे कळेपर्यंत दोघंही एकमेकांसमोर उगाचच कामात असतो. 'स्टेबल' असं लिहून आलं की टाटाच्या बाहेर पडून कडक चहा पितो. डाग वाढलेले निघाले तर औषध बदलेल, ते चालेनासं झालं की आणखी बदलेल, आणि एक दिवस बदलायला काही उरणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे. ते आम्ही एकदा मोकळेपणी बोलून घेतलं, आणि ते बोलून घेतलं म्हणूनच दुसरा आठवडा मोकळा झाला.

तुमच्या नात्यात, शेजारात असं घर असेल तर तिथे जरूर जा, पण आधी फोन करून, आणि सर्दी-खोकला असेल तर मुळीच जाऊ नका. काढे, गव्हांकुराचा रस आणि कुणी अमका बरा झाल्याच्या गोष्टी घरी ठेवून या. पहिल्या आठवड्यात ताज्या जेवणाचा डबा पोचवा, किंवा चार तास रुग्णापाशी बसा, म्हणजे सोबतीच्या माणसाला झोप मिळेल. आणि दुसऱ्या आठवड्यात गेलात तर तब्येत विचारू नका. तुमच्या घरचं काहीतरी सांगा.