मरळ

साताऱ्याजवळ संगम माहुलीला वेण्णेला सामावून घेऊन आलेली कृष्णा सांगलीपाशी हरिपूरला वारणेला भेटते. त्या संगमाच्या काठावरून मी आयुष्यातला पहिला मासा धरला, तेव्हा बारा वर्षांचा होतो. मामांनी गळाला बेडकी लावून दिली होती. दोरी एकाएकी ताणली गेली आणि हातभर लांबीची मरळ चिखलावर येऊन पडली.

पाण्याबाहेरची मासोळी तळमळते, हे अभंगांतून कानावर पडलेले होते. मी त्या तळमळीची वाट पाहत राहिलो. दोन-चार उसळ्या मारून मरळ शांत झाली. मेली असे समजून मी ती ओल्या पोत्यात गुंडाळली, सायकलला बांधली आणि शीळ घालत सांगलीला आलो. घरी पोते उघडले, तर तिचे कल्ले हलत होते.

"अरे, मरळ हवेतसुद्धा श्वास घेते. इतक्यात मरायची नाही ती," मामा म्हणाले.

कल्ल्यांच्या वर तिला त्यासाठी वेगळे इंद्रिय असते, हे पुढे वाचले. 'जीवन' या शब्दात पाणी आणि प्राण एकत्र नांदतात. विरहाची ती प्रतिमा त्यावरच उभी आहे. वर्गात ती शिकवताना मला मात्र पोते आठवते. दृष्टान्तातली मासोळी निदान तळमळते, म्हणून तिचे दुःख पाहणाऱ्याला कळते. माझ्या पाठीमागची मरळ वाटभर जिवंत होती, आणि निमूट होती.

तळमळ दिसली नाही म्हणजे ती नव्हतीच, असे कोणत्याही कवितेविषयी मला आता म्हणवत नाही.